डीहेझ वाढवलं आणि मागचे डोंगरच हरवले: एका सकाळच्या फोटोचं एडिटिंग, माझा अनुभव

सूर्य उगवून जेमतेम पंधरा-वीस मिनिटं झाली होती तेव्हाचा हा फोटो. एकामागे एक सहा डोंगररांगा, सगळ्यात पुढची जवळजवळ काळी, मग गडद निळी, मग फिकट होत होत शेवटची इतकी पुसट की ती कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होतं ते शोधावं लागतं, आणि उजवीकडून येणारा तिरपा उजेड मधल्या दरीतल्या धुक्यावर पडलेला. कॅमेऱ्याची सेटिंग २०० मिमी, एफ/८, आयएसओ १००, ट्रायपॉडवर. रॉ मध्येच (म्हणजे सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ फाईल) काढला होता, नशीब!

घरी येऊन फाईल उघडली तर सगळं राखाडी, मरगळलेलं. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर आपण बघतो ते कॅमेऱ्याने स्वतःच कॉन्ट्रास्ट, रंग वाढवून बनवलेलं जेपेग असतं, रॉ मध्ये तसलं काही केलेलं नसतं, हे माहीत असूनही मन खट्टू होतंच. मग हात सरळ एडिटिंग सॉफ्टवेअरमधल्या डीहेझच्या, म्हणजे धुरकटपणा कमी करणाऱ्या स्लायडरवर गेला, +४५ पर्यंत नेला आणि वा, एकदम मागच्या डोंगरावरची झाडं दिसायला लागली, आकाश निळंशार! खूश होऊन तसाच सेव्ह करून झोपलो.

दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी बघितलं तर सहाच्या चारच रांगा राहिल्या होत्या. दुसरी-तिसरी एकमेकीत मिसळून एकच काळपट गोळा झालेला, आणि चौथी-पाचवीचंही तेच.

मग जरा शांत बसून विचार केला की आपल्याला या रांगा वेगवेगळ्या दिसतातच कशामुळे? तर मधल्या हवेमुळे. हवा उजेड विखुरते, त्यातही निळा जास्त, ४०० नॅनोमीटरचा उजेड ७०० च्या लाल उजेडापेक्षा साधारण ९ पट जास्त विखुरतो. डोंगर जितका लांब तितकी मधे हवा जास्त, म्हणजे तितकाच हा विखुरलेला उजेड त्याच्यावर पडद्यासारखा चढतो, काळ्याचा निळा होतो आणि निळ्याचा फिकट. बाष्प आणि धूळ असली की पडदा अजून पांढुरका होतो. लांबच्या गोष्टी जास्त निळ्या रंगवा हे लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांसाठी पाचशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. आणि मी नेमका तोच पडदा ओढून काढत होतो.

दुसऱ्या वेळी डीहेझला हात लावला नाही पण क्लॅरिटी (कडा आणि पोत उठावदार करणारा स्लायडर) वाढवली, तर वेगळाच घोटाळा. १०० टक्के झूम करून बघितलं तेव्हा दुसऱ्या रांगेच्या कडेला, जिथे झाडांचे शेंडे आहेत तिथे, बारीक पांढरी रेघ उमटलेली, पेन्सिलने आउटलाईन काढल्यासारखी. एकदा दिसली की मग नजर तिथेच जाते.

तिसऱ्यांदा सगळं रिसेट केलं. या वेळी ठरवलं की प्रत्येक रांगेच्या आतला कॉन्ट्रास्ट वाढवायचा नाही, दोन रांगांमधला फरक वाढवायचा. माझ्यासाठी सगळी किल्ली हीच होती. आधी व्हाइट बॅलन्स (फोटो पिवळसर-उबदार की निळसर-थंड ते ठरवणारी सेटिंग), तो फार उबदार केला की लांबचा निळा मरतो म्हणून ५२०० केल्विनवर थांबलो आणि पिवळसर झाक कलर ग्रेडिंगमधून फक्त हायलाइट्सना, म्हणजे उजळ भागांना दिली. हायलाइट्स -३५. पुढच्या रांगेचे शॅडोज (काळोखे भाग) उचलायचा मोह झाला पण उचलले नाहीत, तिथे नॉइज (दाणेदार खरखर) सोडून काही नव्हतं, ती काळीच छान दिसते.

मग मास्क, म्हणजे फोटोचा ठराविक भाग निवडून फक्त त्यावरच बदल करायचे. प्रत्येक रांगेला लिनिअर ग्रेडियंट (हळूहळू विरत जाणारी सरळ निवड) आणि त्यातून ल्युमिनन्स रेंजने फक्त तेवढाच उजेडाचा पट्टा निवडलेला. यात खरा वेळ गेला, दोन तास तरी. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेवर कर्सर नेला की हिस्टोग्रामखाली (उजेडाच्या आलेखाखाली) त्या जागेच्या रंगांचे आकडे दिसतात, निळ्याचे आकडे दोन्हीकडे जवळपास सारखे, २४ आणि २७ टक्के, म्हणजे डोळ्याला फरक कळणार कुठून! तिसरीचं एक्सपोजर हळूहळू वाढवत ३३ वर आणलं आणि एकदम दोघींच्या मधे दरी आहे असं वाटायला लागलं. शेवटच्या दोन रांगांना तर उलट डीहेझ -८ केलं, म्हणजे धुकं थोडं वाढवलंच. दरीतल्या उजेडावर ब्रश फिरवला, फ्लो (ब्रशचा जोर) १० च्या आसपास, एक्सपोजर +०.३ आणि किंचित उबदार, बास.

एक गोष्ट मात्र कोणीही करून बघा, आकाशात सेन्सरच्या धुळीचे डाग शोधायचा मोड असतो तो चालू करा. साध्या डोळ्यांना मला दोन दिसत होते, निघाले अकरा.

एक्सपोर्ट करताना आकाशात पट्टे दिसायला लागले. १४ बिटच्या रॉ मध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये फक्त २५६, आणि सकाळचं आकाश इतकं हळू बदलतं की त्या पायऱ्या उघड्या पडतात. थोडं ग्रेन (बारीक दाणे) टाकलं आणि आकाशावरचा जास्तीचा कर्व्ह (कॉन्ट्रास्ट बदलणारी वक्ररेषा) कमी केला, गेले पट्टे. एसआरजीबीमध्ये (बहुतेक स्क्रीनवर चालणाऱ्या रंगपद्धतीत) सेव्ह केला, मोबाईलवर बघितला तर काळोखा वाटला कारण मी रात्री मॉनिटरचा ब्राइटनेस खूप ठेवून बसलो होतो, तो कमी करून एक्सपोजर पुन्हा पाव स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) वाढवलं.

आता सहाच्या सहा रांगा मोजता येतात. सहावी बघायला थोडं थांबावं लागतं, सकाळी तिथे उभा होतो तेव्हाही थांबावं लागलंच होतं, म्हणून तिला अजून ठळक केलं नाही.