ओएसजीआय कंपोनंटमधली गायब व्हॅल्यू: माझा अनुभव

सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी मोजतात. 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट धोक्याची. ही पातळी वाचून नदीकाठच्या घरांना एसएमएस पाठवणारा छोटा जावा प्रोग्रॅम आम्ही अपाचे काराफवर चालवतो. जावा प्रोग्रॅम सुट्या भागांत बांधायच्या ओएसजीआय पद्धतीवर चालणारा हा सर्व्हर. कंपोनंट, म्हणजे हे सुटे भाग, ओएसजीआयमधल्या डिक्लेरेटिव्ह सर्व्हिसेसच्या ॲनोटेशनवर (कोडमध्ये लिहायच्या खुणांवर) बांधलेले, सेटिंग ईटीसी फोल्डरमधल्या सीएफजी फाईलमध्ये, दर ओळीत एक की (सेटिंगचं नाव) आणि तिची व्हॅल्यू. त्या फाईलमधली एखादी ओळ राहून गेली तर काय व्हायला हवं, हे नीट बसवताना जे लक्षात आलं ते लिहितो. इथे चुकलं तर प्रोग्रॅम बंद पडत नाही. तो चालू राहतो आणि भलतंच करतो.

सेटिंगसाठी एक ॲनोटेशन टाइप लिहून (त्यात दर कीसाठी एक मेथड) तो ॲक्टिव्हेट मेथडला, म्हणजे कंपोनंट सुरू होताना चालणाऱ्या मेथडला, पॅरामीटर म्हणून द्यायचा, ही नेहमीची पद्धत. फाईलमध्ये ती की सापडली नाही आणि डिफॉल्टही नसला, तर इंट (पूर्णांकाची) मेथड 0 देते, बूलियन (हो-नाहीची) फॉल्स, स्ट्रिंग (मजकुराची) नल, म्हणजे काहीच नाही, आणि ॲरे (यादी) रिकामा. एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याची सूचना, येत नाही. हे आमच्या प्रोग्रॅमला लावून बघा. धोक्याची पातळी राहिली की ती 0 फूट होते, म्हणजे भर उन्हाळ्यातही दर वाचनाला एसएमएस. दोन दिवसांत लोक तो नंबर ब्लॉक करतील. मोबाईल नंबरांची यादी राहिली तर लूप एकदाही फिरत नाही आणि लॉग स्वच्छ दिसतो. सगळ्यात वाईट म्हणजे ‘संदेश चालू’ हा बूलियन: ओळ नसली की फॉल्स, पाणी चढतंय आणि कुणाला पत्ता नाही. म्हणून त्या बूलियनचा अर्थच उलटा केला. आता तो ‘संदेश बंद’ आहे. ओळ विसरली तरी संदेश जातात.

मग प्रश्न डिफॉल्टचा. किती मिनिटांनी वाचायचं याला 15 हा डिफॉल्ट ॲनोटेशनमध्येच दिला, त्यानं कुणाचं नुकसान नाही. पातळीला मात्र डिफॉल्ट दिला नाही, आणि देऊही नये असं माझं ठाम मत आहे. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरसारख्या सखल भागात पाणी 40 फुटांच्या आधीच शिरतं. तिथल्या यादीसाठी वेगळा आकडा लागतो. तो लिहायचा राहिला आणि कोडमधले 40 गुपचूप लागू झाले, तर एसएमएस येईपर्यंत पाणी घरात असेल.

आता अडचण अशी की इंट मेथडनं 0 दिला तर ओळ नव्हती की कुणी खरंच 0 लिहिलं, हे कळत नाही. म्हणून अत्यावश्यक आकडे ॲनोटेशनमध्ये स्ट्रिंग म्हणून घेतले. नल आला तर ओळ नाही. रिकामी स्ट्रिंग आली तर बरोबरच्या चिन्हापुढे काही लिहिलेलं नाही. हे दुसरं प्रकरण फसवं आहे, कारण रिकामी व्हॅल्यूसुद्धा व्हॅल्यूच धरली जाते आणि डिफॉल्ट लागू होत नाही. दोन्ही तपासून, ट्रिम करून, मगच आकड्यात बदलायचं. नाही जमलं तर ॲक्टिव्हेटमधून एक्सेप्शन टाकायची, आणि तिच्यात पीआयडी (कंपोनंटचं कॉन्फिगरेशन ज्या नावानं ओळखलं जातं ते) व कीचं नाव दोन्ही लिहायचं. रात्री फोनवर फाईल दुरुस्त करायला सांगताना तेवढंच कामी येतं.

हे सगळं वाचन ॲक्टिव्हेटमध्येच उरकायचं. इंट मेथडच्या कीपुढे कुणी ‘15 मिनिटं’ असं लिहिलं असेल, तर कंपोनंट एक्सेप्शन येते खरी, पण ती मेथड कॉल होते तेव्हा. कॉन्फिग ऑब्जेक्ट जपून ठेवून नंतर वाचलं तर पडझडही नंतरच होते. कंपोनंट सर्व्हिस पुरवत असेल तर इमीजिएट ट्रू द्या, नाहीतर कुणी सर्व्हिस मागेपर्यंत ॲक्टिव्हेट होतच नाही.

कॉन्फिगरेशन पॉलिसी, म्हणजे कंपोनंटला सुरू व्हायला कॉन्फिगरेशन लागतं की नाही हे ठरवणारी सेटिंग, मुळात ऑप्शनल असते. तशीच ठेवली तर काराफ सुरू होताना फाईल वाचली जाण्याआधीच कंपोनंट उठू शकतो आणि लॉगमध्ये नाहक एक्सेप्शन दिसते. रिक्वायर केलं की तो कॉन्फिगरेशनची वाट बघतो. पण रिक्वायर फक्त त्या पीआयडीचं कॉन्फिगरेशन आहे का एवढंच बघतं, आत कुठल्या ओळी आहेत ते नाही. मेटाटाइपमधल्या (सेटिंगचं वर्णन लिहायच्या ओएसजीआयच्या सोयीतल्या) रिक्वायर्डवरही विसंबू नका. तो सेटिंगचा फॉर्म दाखवणाऱ्या पडद्यासाठी आहे, रनटाइमला एससीआर, म्हणजे कंपोनंट चालवणारा काराफमधला भाग, तो तपासत नाही.

पुष्कळदा ओळ असते, फक्त नाव जुळत नाही. मेथडच्या नावातल्या एका अंडरस्कोअरचा टिंब होतो. अंडरस्कोअरच हवा असेल तर मेथडमध्ये दोन लिहावे लागतात. ‘धोका_पातळी’ अशी मेथड असेल तर फाईलमध्ये ‘धोका.पातळी’ लागते. फाईलचं नावही पीआयडीशी अक्षर न् अक्षर जुळायला हवं. पीआयडी वेगळा दिला नसेल तर कंपोनंटचं नाव, आणि तेही दिलं नसेल तर पॅकेजसकट क्लासचं नाव. क्लास दुसऱ्या पॅकेजात हलवला की जुनी फाईल बेवारस होते.

शंका आली की काराफच्या कन्सोलवर एससीआर:इन्फो ही कमांड कंपोनंटचं नाव देऊन चालवतो. त्यात कंपोनंटची स्थिती आणि त्याला खरोखर मिळालेल्या प्रॉपर्टी दिसतात. डिफॉल्ट हे बंडल (प्रोग्रॅमची जार फाईल) बनवतानाच कंपोनंटच्या वर्णनाच्या एक्सएमएलमध्ये लिहिले जातात, त्यामुळे तेही या यादीत येतात. पातळीची की तिथे नसेल तर कोड उघडायची गरज नाही, आधी नाव जुळवायचं.