फॉल रंगवायचा तर निळा रंग भरपूर घ्या

इकडे अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन व्हॅलीत ऑक्टोबरमध्ये, म्हणजे फॉलमध्ये (पानगळीच्या ऋतूत), झाडांवर रंगांची नुसती चंगळ असते, शुगर मेपल केशरी, रेड मेपल लालभडक, हिकरी पिवळी, ओक तपकिरी, आणि हे सगळं कॅनव्हासवर घ्यायचं म्हटलं की हात आधी कॅडमियम ऑरेंजच्या ट्यूबकडेच जातो. पण मला विचाराल तर फॉलच्या चित्राला खोली येते ती निळ्यामुळे.

पावसाळ्यातला सह्याद्री रंगवताना जवळचं हिरवं आणि लांबचं निळसर हे डोळ्यालाच दिसतं, इथे मात्र लांबच्या डोंगरावरही मेपलच आहेत हे आपल्याला माहीत असतं, म्हणून तोच केशरी तिथेही लावला जातो आणि डोंगर पार पुढे येऊन बसतो. नीट बघा, मधल्या हवेत निळा प्रकाश जास्त विखुरतो ना, त्यामुळे तिथला केशरी फिका, करडा-जांभळट झालेला असतो. मी ऑरेंजमध्ये अल्ट्रामरीन हा गडद निळा घालते, दोघं एकमेकांचे विरोधी रंग, छान मऊ करडा होतो, मग त्यात पांढरा. डोंगर जितका लांब तितका निळा आणि पांढरा जास्त, कडा पुसट, रंग टर्पेंटाइनने अगदी पातळ.

मधली झाडं मी नुसते आकार म्हणून लावते, पानं काढतच नाही. सगळं टेक्स्चर पुढच्या झाडांसाठी राखून ठेवायचं. तिथे पॅलेट नाईफने (रंग लावायच्या बोथट सुरीने) जाड रंग, आणि पिवळा-लाल पूर्ण मिसळायचा नाही, एकाच फटकाऱ्यात दोन्ही दिसले पाहिजेत! खोडाला बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, वरून कोरड्या ब्रशने खरखरीत साल. ऑइल रंगांत पातळावर जाड हा क्रम तसाही पाळावाच लागतो, नाहीतर पुढे तडे जातात, म्हणजे लांबून जवळ येत रंगवणं आपोआप सोयीचं पडतं.

हे सगळं एकत्र बघायचं असेल तर वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत जॅस्पर क्रॉप्सी या अमेरिकन चित्रकाराचं १८६० चं हडसनकाठचं चित्र आहे ते बघा, जवळपास ९ फूट रुंद! पुढची झाडं पेटलेली आणि मागे स्टॉर्म किंग डोंगर धुरकट उजेडात विरघळलेला. हे त्याने लंडनमध्ये बसून रंगवलं, आणि असे रंग खरेच असतात यावर तिथल्या लोकांचा विश्वास बसेना म्हणून अमेरिकेतली खरी पानं चित्राशेजारी लावून दाखवली. मला मात्र त्या लाल झाडांपेक्षा तो मागचा डोंगरच जास्त आवडतो, त्याच्यासमोर कितीही वेळ उभी राहीन मी.