परत तिथेच उतरायचं, तर उडायचं कशाला?

छोटं विमान चालवते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "कुठे कुठे जाता?" बहुतेक वेळा कुठेच नाही, संध्याकाळी वर जाते आणि तासाभराच्या आत त्याच धावपट्टीवर उतरते, असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. मग यात मजा काय? तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

संध्याकाळच का, तर हवेमुळे. दुपारचं ऊन जमीन तापवतं, पण सगळीकडे सारखी नाही. डांबर, खडक, नांगरलेलं रान भराभर तापतं. पाणी आणि झाडी मागे राहते. तापलेल्या तुकड्यांवरून गरम हवेचे झोत वर चढतात, त्यांच्या आजूबाजूला हवा खाली उतरते, आणि टनभर वजनाचं विमान या चढउतारातून खड्ड्यातल्या सायकलसारखं आदळत जातं. पोटातलं ढवळून निघतं ते वेगळंच. सूर्य कलला की हे झोत विरतात. जमिनीलगतची हवा गार होऊन तळाशी बसते, वरच्या वाऱ्याशी तिचा संबंध तुटतो, आणि दिवसभर फडफडणारा विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) खांबाला लोंबकळतो. वर वारा असतोच, कधी चांगला जोरातही, पण तो सलग वाहतो, धक्के देत नाही.

गार हवा दाटही असते. पंख, प्रॉपेलर आणि इंजिन, तिघांनाही ती मानवते. तापमान १० अंशांनी उतरलं, तर धावपट्टीच जणू १,२०० फूट खाली आल्यासारखं विमान वागतं. लवकर उचलतं, झपाट्यानं चढतं.

अशा हवेत विमान एकदा ट्रिम केलं, म्हणजे सुकाणूवर जोर न लावता सरळ जाईल असं जुळवलं, की दोन बोटं पुरतात. मी सेस्ना १७२ चालवते. १९५६ पासून बाजारात असलेलं, ४४,००० हून जास्त संख्येनं बनलेलं, अगदी सरळमार्गी विमान. थरार हवा असणाऱ्यांनी दुसरं काहीतरी शोधावं. मला आवडतं ते नेमकं उलट: हातांना काम उरत नाही, म्हणून डोळे मोकळे होतात.

आणि डोळ्यांना काय मिळतं! हवा स्वच्छ असली तर ३,००० फुटांवरून क्षितिज शंभरेक किलोमीटरवर असतं. जमिनीवरून दिसणाऱ्या क्षितिजापेक्षा ते जवळजवळ एक अंशानं खाली झुकलेलं असतं, त्यामुळे वर सूर्य उशिरा मावळतो. विषुववृत्ताजवळ सुमारे चार मिनिटांनी, ध्रुवांकडे सरकावं तसा आणखी उशिरा. यातून एक खेळ निघतो. पश्चिम मोकळी असेल तर धावपट्टीच्या टोकाला थांबून सूर्य बुडताना पाहायचा आणि लगेच टेकऑफ घ्यायचा. मिनिटाला ७०० फूट चढताना सुरुवातीला क्षितिज सूर्यापेक्षा वेगानं खाली जातं, आणि मावळलेल्या सूर्याची तांबडी कोर पश्चिमेलाच परत उगवते. दोनेक मिनिटांत ती पुन्हा बुडते. चढताना नाक वर असल्यानं समोरचं नीट दिसत नाही, म्हणून हा खेळ उत्तर-दक्षिण धावपट्टीवरून, बाजूच्या खिडकीतून रंगतो. गणित माहीत असूनही मला दर वेळी हसू येतं.

त्याच वेळी वळून पूर्वेकडे पाहावं. क्षितिजालगत करडा-निळा पट्टा वर चढत असतो, त्याच्या माथ्यावर गुलाबी झाक. ती पृथ्वीची स्वतःची सावली. जमिनीवरूनही दिसते, पण घरं-झाडं आड येतात.

खालच्या सावल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. दुपारी सपाट वाटणारं माळरान तिरप्या उजेडात उठून येतं. बुजलेला बांध, जुनी पायवाट, ओढ्यानं सोडलेलं पात्र, हातभर उंचवटाही लांब सावली टाकतो. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी १९२० च्या दशकात हवाई छायाचित्रांतून पुरातत्त्वाचा अभ्यास पुढे नेला, त्यात अशा सावल्यांचा मोठा वाटा होता. मी काही शोध लावलेला नाही. पण रोजच्या रस्त्याशेजारी एक मोडकं तळं आहे, हे मला वरूनच कळलं.

आता भीतीचं, कारण तेही तुम्ही विचारताच. एकच इंजिन आहे आणि ते बंद पडू शकतं. पडलं तर विमान दगडासारखं कोसळत नाही, तरंगत उतरतं. ३,००० फुटांवरून वारा नसताना आठेक किलोमीटर. म्हणून गप्पा मारतानाही मनात एखादं शेत धरलेलं असतं. अंधार पडला की ते शेत दिसेनासं होतं. शिवाय हवा गार होत दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी होऊ लागतं त्याच्या, जवळ आली की धुकं धरू शकतं, पक्षीही थव्यांनी घरट्याकडे निघालेले असतात. त्यामुळे उजेड शिल्लक असताना मी डाउनविंडला, म्हणजे उतरण्याआधीच्या धावपट्टीला समांतर टप्प्याला, लागते, आणि "आणखी एक फेरी मारू" म्हणणाऱ्याचं ऐकत नाही.

इतकं सांगूनही पटलं नसेल, तर उजवीकडची सीट बहुधा रिकामीच असते. सूर्यास्ताच्या तासभर आधी या, म्हणजे विमानाची तपासणी घाई न करता होते. ऊन थेट डोळ्यांवर येतं, तेव्हा टोपी आणा. फक्त माथ्यावर बटण असलेली नको, हेडसेटखाली ते फार टोचतं.