बशीतल्या मुंग्या आणि तीन नंबरचा रेपोसादो

मंडळी, तीन नंबरच्या टकिलाच्या बाटलीचं कोडं बरंचसं सुटलं: तिच्यातला व्हॅनिला लाकडाचा की वरून घातलेला? धागा मुंग्यांनी दाखवला.

मागच्या ब्लाइंडमध्ये (लेबलं झाकून चव घेताना) ही बाटली सगळ्यांना आवडली होती, मला मात्र खटकत राहिली. ग्लास नाकाशी नेला की बेकरीत शिरल्यासारखा व्हॅनिला. शिजलेल्या अगावेचा (टकिला जिच्यापासून काढतात ती कोरफडीसारखी दिसणारी वनस्पती) तो भाजक्या रताळ्यासारखा वास शोधून काढावा लागत होता. रेपोसादोला, म्हणजे थोडी मुरवलेल्या टकिलाला, ओकमध्ये किमान दोन महिने पुरतात. एवढ्यात लाकूड इतकं उतरतं का, हा माझा प्रश्न. शिवाय नियमानं रेपोसादोत वजनाच्या 1 टक्क्यापर्यंत कॅरॅमल, ओकचा अर्क, ग्लिसरीन, साखरेचा पाक घालता येतो आणि लेबलवर ते सांगावं लागत नाही. ‘100 टक्के अगावे’ लिहिलेल्या बाटलीतही. ते 100 टक्के आंबवलेल्या साखरेपुरतं असतं.

म्हणून फेब्रुवारीत मेक्सिकोतल्या आरांदासच्या ला आल्तेन्या भट्टीचा तापातियो ब्लांको (न मुरवलेली टकिला; भट्टीचा नंबर, म्हणजे नॉम, 1139) काचेच्या बरणीत ओकच्या कांडीवर मुरायला ठेवला. साठ दिवसांनी उघडला तर काळा, कडू, उकळून उकळून वाया गेलेल्या चहासारखा. दोष कांडीचा कमी, माझ्या प्रमाणाचा जास्त: मोठ्या पिंपात लिटरमागे जेवढं लाकूड लागतं त्याच्या कितीतरी पट या लहान बरणीत होतं, वर पुण्याचा एप्रिल. (कांड्याही ‘मध्यम भाजलेल्या’ म्हणून घेतल्या, आतून कच्च्या निघाल्या. त्या विक्रेत्याकडे पुन्हा जाणार नाही.) पण या फसलेल्या बरणीनं एक गोष्ट शिकवली. तिच्यात व्हॅनिला होता, आणि त्याच घोटात हिरड्या आवळणारा तुरटपणाही. नव्या लाकडातून ही दोन्ही हातात हात घालून येतात. जुन्या पिंपातून दोन्ही कमी येतात. तीन नंबरमध्ये व्हॅनिला भरपूर आणि तुरटपणा औषधाला नाही. शिवाय ओठ चिकट.

तळहातावर चोळून बघायची चाचणी मी केव्हाच सोडली. हाताचं तेल, साबण, काहीही मध्ये येतं. त्याऐवजी काचेच्या बश्यांत तीन नंबर, ब्लांको आणि माझ्या बरणीतली, 30-30 मिली ओतून, वर मलमल टाकून सगळं उडून जाऊ दिलं. उडत नाही ते खाली राहणारच. हिशेब सोपा आहे: 30 मिली म्हणजे 28 ग्रॅमच्या आसपास, त्यात 1 टक्का म्हणजे जास्तीत जास्त 0.28 ग्रॅम. दागिन्यांचा 0.01 ग्रॅमचा छोटा काटा हे पकडतो. या वर्षातली माझी सगळ्यात चांगली खरेदी तो काटाच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर मलमलीखालून मुंग्यांची रांग थेट तीन नंबरच्या बशीत. शेजारच्या बश्यांकडे एकही फिरकली नव्हती. वजन गेलं वाया, पण मी तिथेच हसलो. मग आजीच्या पद्धतीनं परातीत पाणी घालून, त्यात वाट्या उपड्या ठेवून वर बश्या मांडल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दोन दिवसांनी खाली उरलेलं वजन: ब्लांको 0.00 ग्रॅम. माझी कडू बरणी 0.06, कोरडं तपकिरी कडं, नखानं खरवडलं की पापुद्रे निघतात. तीन नंबर 0.19, आणि बोट लावलं तर तार सुटते! ते 0.19 सगळं लाकडातून आलं हे मी मानायला तयार नाही. 1 टक्क्याच्या आत आहे, म्हणजे कायद्यात बसतं. मला ते ग्लासात नको, एवढंच.

या मांडणीत लाकूड न लागलेलं दुसरं काही हवं होतं, म्हणून घरात होती ती माडाची फेणी ओतली (तीही 0.00). आणि तिच्या वासानं डोक्यात भलतंच चक्र सुरू झालं. 1565 पासून मनिला ते आकापुल्को गलबतं चालत. त्यांवरून आलेले फिलिपिनो खलाशी मेक्सिकोच्या कोलिमात राहिले, माडाची ‘तुबा’ काढू लागले आणि ती गाळू लागले. तुबा म्हणजे आपली माडीच. त्यांची भट्टी अशी: पोकळ ओंडका, वर थंड पाण्याचं तांब्याचं भांडं, आत थेंब थेंब पडणारी दारू. अगावेचं पुल्के तिथं फार आधीपासून होतं, पण ते नुसतं आंबवलेलं. ते गाळायची विद्या शेजारच्या हलिस्कोत या माडवाल्यांकडून गेली असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे, आणि मला ते मनापासून पटतं. टकिला गावाजवळच्या अगावेच्या गाळीव दारूला तेव्हा ‘विनो मेस्काल’ म्हणत. टकिला काढणाऱ्या कुएर्वो घराण्याचा परवाना 1795 चा, म्हणजे बराच नंतरचा.

त्यामुळे बेत बदलला. लॉस आल्तोस (हलिस्कोचा उंचावरचा भाग) विरुद्ध टकिलाचं खोरं ही ठरलेली ब्लाइंड पुढे ढकलतो. जूनमध्ये मावसभाऊ मेक्सिकोहून येतोय. त्याला आणता येणाऱ्या दोन लिटरमध्ये आन्येहो (रेपोसादोपेक्षा जास्त मुरवलेली टकिला) मागवणार होतो, आता दक्षिण हलिस्कोचा, त्या ओंडक्याच्या भट्टीवर काढलेला मेस्काल आणायला सांगितलाय. तो माडाच्या फेणीशेजारी ठेवून प्यायचा आहे.

तोवर बरणी दुसरी: तोच ब्लांको, कांडीचा चौथा हिस्सा, माठाशेजारच्या गार कोपऱ्यात. आणि परात रिकामीच आहे तर उद्या पाच नंबरचा आन्येहो बशीत ओततो. वजन परवा संध्याकाळी.