अठरा की एकवीस? न्यूयॉर्क बारच्या अभ्यासाचे माझे दहा आठवडे

यंदा एलएलएम संपवणाऱ्या दोघीतिघींचे मेसेज आलेत, ताई बारचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेचा, अभ्यास कसा केलास, कोर्स कोणता घेऊ, दिवसाला किती तास बसू. प्रत्येकीला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा म्हटलं इथेच एकदा सगळं लिहून टाकू. मी पुण्यात एलएलबी केलं, मग न्यूयॉर्कला एक वर्षाचं एलएलएम, आणि मेमध्ये कॉलेज संपलं त्याच आठवड्यात बार प्रेप कोर्स सुरू झाला. जुलैच्या शेवटच्या मंगळवार-बुधवारी परीक्षा, म्हणजे हातात जेमतेम दहा आठवडे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यूयॉर्कने २०१६ च्या जुलैपासून युनिफॉर्म बार एक्झाम घेतली. पहिल्या दिवशी लिखाण, त्यात सहा निबंध अर्ध्या-अर्ध्या तासाचे आणि दोन परफॉर्मन्स टेस्ट दीड-दीड तासाच्या. दुसऱ्या दिवशी एमबीई, २०० एमसीक्यू, सकाळी तीन तासांत १०० आणि दुपारी तीन तासांत १००. एकूण मार्क ४०० पैकी, पास व्हायला २६६ लागतात आणि त्यातलं निम्मं वजन एकट्या एमबीईचं. एमपीआरई म्हणजे वकिलीच्या नीतिनियमांची परीक्षा, न्यूयॉर्कच्या कायद्याची ऑनलाइन परीक्षा, ५० तास प्रो बोनो म्हणजे विनामोबदला कायद्याचं काम, हे सगळं वेगळं, त्यावर पुन्हा कधीतरी.

तर कोर्स. सकाळी व्हिडिओ लेक्चर, सोबत छापील नोट्स असतात ज्यात मधेमधे रिकाम्या जागा, सर बोलतात आणि आपण त्या भरायच्या. दुपारी प्रश्न, संध्याकाळी एखादा निबंध. स्क्रीनवर कोर्सचा किती टक्के भाग पूर्ण झाला ते दिसत राहतं आणि सगळे त्याच आकड्याच्या मागे धावत असतात, मीही धावले. जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरजवळ आम्ही तिघी एका फ्लॅटमध्ये राहायचो, खिडकीतला एसी घरघर करायचा म्हणून लेक्चरच्या वेळी बंद ठेवायचे, घामाने मनगट कागदाला चिकटायचं आणि मी भरलेल्या रिकाम्या जागा बघून खूश व्हायचे. जूनच्या शेवटी फुल मॉक एमबीई झाली. २०० पैकी ९७.

त्या रात्री मी जेवले नाही, चुकलेले १०३ प्रश्न घेऊन बसले आणि पहाटेपर्यंत एकेक वाचत राहिले. मला वाटलेलं सिव्हिल प्रोसिजरमध्ये मार खाल्ला असेल, फेडरल कोर्ट, डायव्हर्सिटी ज्युरिस्डिक्शन म्हणजे वेगवेगळ्या राज्यांतल्या लोकांचे दावे फेडरल कोर्टात जाणं, हे आपल्याकडे असं कुठे असतं. पण तिथे मी ठीक होते. गेलेले मार्क कॉन्ट्रॅक्ट आणि एव्हिडन्सचे होते, जे विषय पुण्यात माझे सगळ्यात पक्के होते! कॉन्ट्रॅक्टच्या २५ पैकी फक्त ११ बरोबर.

कारण कळायला वेळ लागला. कोर्स धरून चालतो की तुम्ही तीन वर्षं अमेरिकेत कायदा शिकलात. लेक्चरमध्ये सर म्हणायचे, पहिल्या वर्षाचं आठवत असेलच, आणि मला आठवायचंच, फक्त ते १८७२ चा इंडियन कॉन्ट्रॅक्ट अॅक्ट आठवायचं. अल्पवयीनाचा करार म्हटलं की मोहरीबीबीचा १९०३ चा गाजलेला खटला, करार मुळातूनच रद्दबातल, हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं की हात आपोआप त्याच पर्यायाकडे जायचा. अमेरिकेत तो व्हॉइडेबल, म्हणजे मुलाने ठरवायचं पाळायचा की नाही. मोबदल्याचं तसंच, आपल्याकडे आधी केलेल्या कामाचा मोबदला चालतो, इथे साधारणपणे नाही चालत. आणि ते पोस्टाचं पत्र! मी होकाराचं पत्र पेटीत टाकलं आणि ते पोचायच्या आत फोन करून नाही म्हटलं, तर आपल्या कलम ४ आणि ५ प्रमाणे मी सुटले, कारण पत्र समोरच्याला पोचेपर्यंत होकार देणारा मोकळा असतो. इथे पत्र पेटीत पडलं की दोघंही बांधले गेले. प्रश्न तोच, गोष्ट तीच, उत्तर उलटं, आणि प्रश्न काढणाऱ्याने आपलं उत्तर पर्याय ब मध्ये छान नटवून ठेवलेलं असतं.

जे येतच नाही ते माणूस नीट वाचतो. जे येतंय असं वाटतं तिथे तो वाचतच नाही. माझं सगळं नुकसान तिथे झालं.

मग मी एक साधी दोनशे पानी वही घेतली, मधोमध रेघ मारली, डावीकडे 'घर', उजवीकडे 'इथे'. टक्क्यांकडे बघणं सोडलं, उरलेली लेक्चर्स दीडपट स्पीडने ऐकली, आणि रोज ५० प्रश्न, मग त्या ५० चं वाचन, प्रश्न सोडवायला जेवढा वेळ त्याच्या दुप्पट चुका वाचायला.

आणि बाबा. बाबा साताऱ्याला वकिली करतात, तीस वर्षं झाली. इथले रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिकडे सकाळचे सात, त्यांचा चहा आणि कोर्टात जायच्या आधीचा वेळ. रोज फोनवर ते कलम सांगायचे, मी इथला नियम सांगायचे, आणि फरक वहीत जायचा. एकदा मृत्यूपूर्व जबाबावर आलो. बाबा म्हणाले, एव्हिडन्स अॅक्टच्या ३२ चं पोटकलम १, आता नव्या कायद्यात २६ झालंय, जबाब देताना आपण मरणार हे त्याला वाटत होतं की नाही याला काही महत्त्व नाही, पुढे. मी म्हटलं बाबा थांबा, इथे तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, मरण समोर दिसतंय अशी त्याची खात्री असली पाहिजे, आणि फौजदारीत फक्त खुनासारख्या मनुष्यवधाच्या खटल्यातच चालतो. ते काही क्षण गप्प बसले. म्हणाले, "अगं, मग आमच्या किती केसेस पडल्या असत्या." दुसऱ्या दिवशी त्यांनी बाररूममध्ये हे सगळ्यांना सांगितलं म्हणे.

रूल अगेन्स्ट पर्पेच्युइटीज, म्हणजे मालमत्ता पुढच्या पिढ्यांसाठी किती काळ अडकवून ठेवता येते त्याची मर्यादा, ज्याला इथली मुलंही घाबरतात, तो नियम मला बाबांमुळे समजला. आपल्या ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अॅक्टच्या कलम १४ मध्ये हयात माणसाचं आयुष्य अधिक एखाद्याचं अल्पवयीनपण, म्हणजे अठरा वर्षं. इथे आयुष्य अधिक सरळ एकवीस वर्षं, कोणी अल्पवयीन असो नसो. त्यानंतर बाबा फोन उचलला की हॅलो म्हणायच्या आधी विचारायचे, "अठरा की एकवीस?"

एक गोष्ट मात्र मी चुकले ती तुम्ही करू नका. परफॉर्मन्स टेस्ट मी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत हातातच घेतली नाही. त्यात पाठांतर शून्य, फाइल देतात, लागणारा कायदा सोबतच देतात, नव्वद मिनिटांत मेमो किंवा ब्रीफ लिहायचं, आणि त्याला २० टक्के वजन आहे. आपल्याकडून आलेल्या मुलींना, ज्यांना एमबीईचे सातही विषय नव्याने घोकायचेत, त्यांच्यासाठी हे हक्काचे मार्क आहेत. पहिल्या आठवड्यापासून आठवड्याला एक तरी लिहा, घड्याळ लावून.

परीक्षा मॅनहॅटनला जॅविट्स सेंटरमध्ये होती. प्रचंड हॉल, टेबलांच्या रांगाच रांगा, सामान पारदर्शक पिशवीत. आत काय विचारलं ते सांगायची परवानगी नसते, आणि सांगावंसंही वाटत नाही. बुधवारी दुपारचे शेवटचे वीस प्रश्न उरले तेव्हा बोटं पेन्सिलवर आखडली होती, पण पर्याय ब दिसला की मी थांबत होते, वाचत होते, मग खूण करत होते.

बाहेर आले तेव्हा पाच वाजत आले होते, म्हणजे साताऱ्यात रात्रीचे अडीच. वाटलं उद्या करू फोन. तरी लावला, आणि बाबांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"अठरा की एकवीस?"

मी म्हटलं, "एकवीस."

"बरं," म्हणाले, "आता आधी जेवून घे."