बावीस-एकतीसचं नाव

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नोव्हेंबरात आमच्या गच्चीवर जो कोणी येतो तो टाकीशेजारच्या विटकरी शेवंतीपाशी थांबतो आणि विचारतो, "हिचं नाव काय?" मी म्हणते, "बावीस-एकतीस." खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा म्हणाल्या, "अगं, ही शेवंती आहे की पीएमपीची बस?"

२०२२ साली केलेल्या संकरातलं एकतिसावं रोप, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. स्वतः केलेल्या फुलाला इतक्या वर्षांत एक नाव सुचत नाही का, हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. नावं भरपूर सुचतात. एकदा दिलंही होतं, आणि तेच महागात पडलं. पण आधी हे रोप आलं कुठून ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझं माहेर पारनेर तालुक्यातलं. धाकटा भाऊ शेवंती करतो. त्याच्या शेतातली बारीक, गच्च पिवळी, तिला तो झिप्री म्हणतो. तिच्या चार काश्या मी पुण्याला आणल्या. काश्या म्हणजे झाडाच्या बुडाशी जमिनीतून फुटणारे धुमारे. शेवंतीची लागवड त्यांच्यापासूनच होते. त्यामुळे भावाच्या वावरातली सगळीच्या सगळी झाडं म्हणजे खरं तर एकच झाड, हजारो वेळा कापून लावलेलं. आणि शेवंतीत सगोत्र चालत नाही. स्वतःचा किंवा आपल्याच जातीचा पराग ती सहसा स्वीकारत नाही, म्हणून अख्खं वावर फुललं तरी त्यात बी धरणं मुश्कील. बी हवं तर नवरा बाहेरचा लागतो.

तो मला एका नर्सरीत मिळाला. एकेरी पाकळ्यांचा, गुलाबी, मधे पिवळी चकती, कुंडीवर नावाची पट्टी नाही. एकेरीच का? शेवंतीचं एक फूल म्हणजे शे-दोनशे फुलांचा गुच्छ असतो. बाहेरची प्रत्येक पाकळी हे एक स्वतंत्र फूल, पण ते फक्त मादी. पराग असतो तो मधल्या चकतीतल्या नळीसारख्या बारक्या फुलांत. झिप्रीसारख्या गच्च फुलात चकती जवळजवळ नसतेच, म्हणून ती आई चांगली होते, बाप होऊ शकत नाही. हे मला कळायला दोन हंगाम गेले. तोवर मी गच्च फुलांवर ब्रश फिरवून फिरवून तो कोराच परत आणत होते.

कृती अशी. आईचं फूल पुरतं उमललं की नखं कापायच्या छोट्या कात्रीने सगळ्या पाकळ्या बुडापासून थोड्या वर कापायच्या. पहिल्यांदा हात धजत नाही. फूल हजामत केल्यासारखं दिसतं. पाकळीच्या नळीत दडलेली स्त्रीकेसराची टोकं दिवसभरात वर येतात, इंग्रजी वाय अक्षरासारखी दुभंगलेली. भिंग असेल तर बरं. सकाळी अकराच्या सुमाराला, दव वाळून ऊन लागलं की बापाच्या चकतीवर पिवळी भुकटी सुटते. ती शून्य नंबरच्या ब्रशने उचलायची आणि त्या दुभंगलेल्या टोकांवर टेकवायची. एकदा करून भागत नाही. सगळी टोकं एका दिवशी तयार होत नाहीत, तीन-चार दिवस एकाच फुलाकडे जावं लागतं. मग मधमाश्या येऊ नयेत म्हणून फुलाला पोटली बांधायची. हळदीकुंकवाला वाणाबरोबर जाळीच्या पोटल्या मिळतात ना, त्या मी पाच वर्षं जमवल्या आहेत. देठाला श्रीखंडाच्या डब्याची कापलेली पट्टी, त्यावर पेन्सिलीने आई, बाप, तारीख. बॉलपेनने लिहू नका, उन्हात शाई उडते आणि मग कोण कोणाचं ते देवच जाणे.

दीड-दोन महिन्यांनी फूल वाळून तपकिरी होतं. तळहातावर चोळून हलकी फुंकर मारली की भुसा उडतो आणि ओव्याहून बारीक बिया उरतात. त्या वर्षी बारा फुलांतून शहाऐंशी बिया मिळाल्या. फेब्रुवारीत कोकोपीटमध्ये पेरल्या, आठवड्यात उगवायला लागल्या. एकसष्ट रोपं निघाली, पैकी एप्रिल-मेच्या उन्हात दहा गेली आणि पावसाळ्यात मर लागून सात. नोव्हेंबर २०२३ मध्ये चव्वेचाळीस रोपं फुलली.

चव्वेचाळीस रोपं, चव्वेचाळीस तऱ्हा. आंब्याची कोय लावली तर हापूसचा हापूस येत नाही हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. शेवंतीत तो प्रकार आणखी पुढे गेलेला आहे. माणसात गुणसूत्रांचे दोन संच, शेवंतीत सहा. नऊचा एक संच, असे साधारण चोपन्न. पत्त्यांचे सहा कॅट एकत्र पिसून डाव वाटला तर हातात काय येईल ते सांगता येतं का? काही रोपं आईसारखी पण मरगळलेली, काही बापासारखी पण फूल खाली मान घातलेलं. मळकट गुलाबी पुष्कळ. एका रोपाची पाकळी चमच्यासारखी वळलेली होती, तिचा मला फार मोह झाला होता.

एकतीस नंबरवर पिवळा आणि गुलाबी दोन्ही रंग एकाच पाकळीत आले होते. शेवंतीचा पिवळा गाजराच्या जातीचा रंग. गुलाबी-जांभळा वेगळा, कोकमाच्या जातीचा. दोन्ही एकावर एक बसले की विटेचा, तांब्याचा रंग दिसतो. पाकळी वरून विटकरी आणि पाठीमागे पिवळी, त्यामुळे अर्धवट उमललेलं फूल दुरंगी दिसतं. लोक थांबतात ते त्यामुळे.

जाता जाता एक. "निळी करा ना एखादी," असंही बरेच जण म्हणतात. ब्रशने ती होणार नाही, कारण निळ्यासाठी लागणारं रंगद्रव्य तयार करायची सोयच शेवंतीत नाही. २०१७ साली जपानी शास्त्रज्ञांनी खरोखर निळी शेवंती करून दाखवली, पण बाहेरची दोन जनुकं घालून. एक घंटेच्या आकाराच्या फुलांच्या एका विलायती झाडाचं आणि दुसरं आपल्या कुंपणावरच्या गोकर्णाचं. गोकर्णीचा वेल माझ्याही कठड्यावर आहे. शेवंतीवर तो नुसता पसरतो, बाकी काही करत नाही.

आता नावाचं. २०१९ मध्ये मला एक गुलाबी रोप मिळालं होतं. त्याच्या आधी मी पांढऱ्यावर पिवळ्याचा संकर करून लिंबाच्या रंगाची आशा धरली होती आणि जवळपास सगळी पिल्लं पांढरी निघाली होती. पांढऱ्या शेवंतीत पिवळा रंग तयार होता होताच मोडून टाकणारं एक विकर असतं, ते पोरांत उतरलं की पिवळा मागे पडतो. हे मी नंतर वाचलं. तेव्हा मात्र इतक्या पांढऱ्यांनंतर आलेला तो गडद गुलाबी पाहून मी हुरळले. आईला जाऊन वर्ष झालं होतं. मी त्याला आईचं नाव दिलं. फूल उमलल्याच्या तिसऱ्या दिवशी. पुढच्या संक्रांतीला त्याच्या अकरा कुंड्या केल्या आणि नात्यात वाटल्या. वाण म्हणून वाणच दिला, असा विनोदही केला. ठाणे, चिपळूण, दोन नाशिकला.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर फॅमिली ग्रुपवर फोटो यायला लागले. ठाण्याचं फूल धुतलेल्या परकरासारखं. चिपळूणचं तर जवळजवळ पांढरं. मावशीचा फोन आला, "ताईचा रंग उडाला की गं." ती सहज म्हणाली, पण फोन ठेवून मी बराच वेळ जिन्यात बसून राहिले.

झालं होतं ते साधं. पहिल्या वर्षी मी शेंडे उशिरा खुडले होते, म्हणून फूल डिसेंबरच्या अखेरीस आलं, पुण्याच्या कडाक्याच्या थंडीत. गुलाबी रंग थंडीत गडद भरतो, उकाड्यात फिका पडतो. मी थंडीचा गुण झाडाच्या नावावर लिहिला होता. आणि आईच्या.

तेव्हापासून नियम केला की तीन हंगाम, तीन जागा, आणि तोवर फक्त आकडा. फसायच्या जागा पुष्कळ असतात. २०२४ मध्ये बावीस-एकतीसच्या सहा कुंड्या केल्या, चार टाकीपाशी आणि दोन पूर्वेच्या कठड्यावर. टाकीपाशीच्या नोव्हेंबरात फुलल्या. कठड्यावरच्या दोन्ही नुसत्या पाल्याने माजल्या, वांग्याच्या झाडासारख्या, कळीचा पत्ता नाही. वाटलं, रोप बिघडलं. पण त्या कठड्यावरची बाकीची शेवंतीही तशीच हिरवी होती. रात्री पाणी बघायला वर गेले तेव्हा उलगडा झाला. शेजारच्या इमारतीने पार्किंगवर नवा मोठा दिवा लावला होता आणि त्याचा झोत थेट कठड्यावर येत होता. शेवंतीला कळी धरायला लांब, सलग काळोखी रात्र लागते. रात्रीत उजेड घुसला की ती समजते अजून उन्हाळाच आहे, आणि वाढत राहते. दोन कुंड्यांवर संध्याकाळी सहापासून काळी चादर घालायला लागले. तीन-चार आठवड्यांत बाजरीएवढ्या कळ्या दिसल्या. शेजाऱ्यांना दिवा वळवायला सांगितलं का, असंही विचारतात. सांगितलं. अजून वळलेला नाही.

लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने शेंडा खुडावा लागत नाही आणि काठीचा आधार लागत नाही अशी शेवंती तयार केली आहे. त्यांच्याकडे वाफेच्या वाफे असतात, माणसं असतात, नोंदवह्या असतात. माझ्याकडे एक गच्ची आणि भाऊ आहे. पण भाऊ कुठल्याही परीक्षकापेक्षा कडक आहे. चमच्यासारख्या पाकळीचं ते रोप मी त्याला मोठ्या कौतुकाने दाखवलं होतं. त्याने फूल तोडलं, मुठीत धरून दोनदा झटकलं, हात उघडला. निम्म्या पाकळ्या खाली. "ताई, हे क्रेटमध्ये बाजारापर्यंत पोचायचं नाही." विषय संपला. बाजारात फूल किलोवर जातं. फुलाने वजन भरलं पाहिजे, पाकळी धरून ठेवली पाहिजे, वेणीत ओवताना देठाशी फाटता कामा नये. रंग त्यानंतर.

बावीस-एकतीस त्याच्या मुठीतून सुटलं. गळालं नाही. २०२५ मध्ये त्याने बांधाकडेची एक सरी दिली, साठ काश्या. रंग वावरातही तोच राहिला, जरा फिका, पण विटकरीच. माव्याची कीड पडली, ती सगळ्यांवरच पडली. फुलं मात्र नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात उमलली, आणि दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातच होऊन गेली होती. "फूल चांगलंय, पण दिवाळी हुकतीय," भाऊ म्हणाला. मार्गशीर्षातले गुरुवार होते, त्यात थोडं गेलं. पण दिवाळी हुकणारी शेवंती शेतकरी का लावेल?

कायद्याचंही विचारतात, तेही सांगून टाकते. वाण नोंदवायचा तर २००१ चा कायदा आहे. वाण इतरांपेक्षा वेगळा, सगळ्या झाडांत सारखा आणि पुढच्या पिढ्यांत टिकणारा असावा लागतो. मग शेवंतीसारख्या पिकाला पंधरा वर्षांचं संरक्षण मिळतं. मी अजून अर्ज केलेला नाही. गंमत अशी की त्या कायद्याला नुसत्या आकड्यांचं नाव चालत नाही, म्हणजे बावीस-एकतीस बाद. गावाचं नावही सहसा चालत नाही, म्हणजे भावाने सुचवलेलं 'पारनेर तांबडी'सुद्धा बहुधा बाद. मी आईचं नाव सुचवत नाही.

परवा भावाचा फोन आला. सरीतून काश्या काढायला सुरुवात केली आहे आणि यंदा एकाऐवजी चार सऱ्या ठेवतो म्हणाला. मी म्हटलं, अरे, दिवाळी हुकते ना? तो म्हणाला, "तू कॅलेंडर बघितलंस का? यंदा ज्येष्ठ अधिक आहे. लक्ष्मीपूजन आठ नोव्हेंबरला येतंय."

शेवंती सूर्यावर चालते, दिवाळी चंद्रावर. अधिक महिन्याने दिवाळीच तिच्याकडे सरकून आली आहे. दोन-चार दिवस अलीकडे फुलली तर माल वेळेत बाजारात जाईल, नाहीतर नाही. पण पुढच्या वर्षी अधिक नसेल, हे मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी, आणि आधी सांग, बाजारात नाव काय सांगू?

मी सांगितलं, बावीस-एकतीस सांग.