ठेवी वाढल्या, मग चांगलंच ना?

ठेवींचे आकडे जाहीर झाले की कुणीतरी मला गाठतंच. "तुम्ही बँकेत होतात. ठेवी वाढल्या म्हणजे देशाचं बरं चाललंय ना?" मी "तेवढ्यावरून सांगता येत नाही" म्हणालो की समोरच्याचा चेहरा पडतो. काहींना वाटतं, मला चांगलं झालेलं बघवत नाही. तसं नाही हो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं नीट सांगतो.

नोव्हेंबर 2016 मध्ये मी शाखेत होतो. नोटाबंदीनंतर थोड्याच दिवसांत आमचं ठेवींचं वर्षाचं टार्गेट पुरं झालं. एरवी त्यासाठी मार्चअखेरपर्यंत लोकांचे उंबरे झिजवायचो. वरून अभिनंदनही आलं. त्याच सुमारास आमचे एक जुने खातेदार आले, बांधकामाची छोटी कामं घेणारे. जवळची सगळी रोकड त्यांनी रांगेत उभं राहून भरली होती. चालू खात्यातून आठवड्याला 50,000 रुपयेच काढायची मुभा होती, मजुरांची आठवड्याची मजुरी त्याहून कितीतरी जास्त. त्या दिवशी तर शाखेत कॅश इतकी कमी आली होती की तेवढेही देता आले नाहीत. "साहेब, पैसे माझेच आहेत ना?" ते पुन्हा पुन्हा एवढंच विचारत होते. मी परिपत्रक पुढे केलं. मजूर गावी निघून गेले, काम बंद पडलं. एवढी शिल्लक त्यांच्या खात्यात मी कधी पाहिली नव्हती, आणि आमच्या अहवालात ती 'वाढ' म्हणून गेली.

देशभर तेच झालं. 15.41 लाख कोटी रुपयांच्या रद्द नोटांपैकी 15.31 लाख कोटींच्या परत आल्या. घरातली रोकड खात्यात आली. त्याने कुणाची कमाई वाढली नाही. बँकांकडे व्याज द्यायला ठेवी होत्या, पण कर्ज मागायला माणूस नव्हता. कर्जवाढ कित्येक दशकांच्या नीचांकाला गेली. 16 सप्टेंबर ते 11 नोव्हेंबर या काळात वाढलेल्या ठेवींइतकी सगळी रक्कम बिनव्याजी सीआरआरमध्ये, म्हणजे बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायच्या राखीव रोख रकमेत, अडकवायचा आदेश खुद्द रिझर्व्ह बँकेने काढला आणि तो डिसेंबरात मागे घेतला. ठेवींचा पूर कसा आवरायचा, हा तेव्हा तिच्यापुढचा प्रश्न होता.

"ते वर्ष वेगळं होतं," असं तुम्ही म्हणाल. मान्य. पण एरवी तरी ठेवी येतात कुठून? बँक कर्ज मंजूर करते, रक्कम कर्जदाराच्या नाहीतर विक्रेत्याच्या खात्यात जमा होते, आणि तीच नवी ठेव. म्हणजे ठेवी वाढल्या यात बरेचदा कर्जं वाढली एवढीच बातमी असते. कर्ज कारखान्यासाठी घेतलं की जुनं कर्ज फेडायला, हे ठेवींचा आकडा सांगत नाही. लोक एसआयपीकडे, म्हणजे म्युच्युअल फंडामार्फत शेअरमध्ये दरमहा पैसे गुंतवण्याकडे, वळले म्हणून ठेवी आटल्या, हेही मला सारखं ऐकवलं जातं. अहो, शेअर विकणाऱ्याच्या खात्यात तो पैसा जातोच ना! घरातली मुदत ठेव मोडून तो कंपनीच्या चालू खात्यात जाईल, एका बँकेतून दुसरीत जाईल. ते त्या बँकेला झोंबतं, हे खरं. पण तेवढ्याने एकूण ठेवी कमी होत नाहीत.

नोकरीच्या सुरुवातीचा मी मात्र हे ऐकून गप्प बसला नसता. 1969 मध्ये 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शाखा खेड्यापाड्यांत गेल्या. ज्याने कधी पासबुक पाहिलं नव्हतं तो पैसे ठेवू लागला. ती वाढ विश्वासाचीच होती, असं तो तरुणपणीचा मी आजच्या मला सुनावेल. खरं आहे त्याचं. लोक घाबरून पैसे काढू लागले की काय होतं, हेही त्याला ठाऊक आहे. त्या खेड्यातल्या ठेवीदाराची ठेव आणि आमच्या कंत्राटदारांची ठेव मी एकाच रकान्यात कशी लिहू, हे मी त्याला विचारतो. तो म्हणतो, रकाना एकच असतो, तुम्हीच तो आयुष्यभर भरलात. आमचं दोघांचं अजून जमलेलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी नुसता आकडा घेऊन येऊ नका. ठेवी कुणाच्या, कशातून आल्या, महागाई वजा जाता किती उरल्या आणि त्यांना हव्या तेव्हा काढता येतात का, एवढं घेऊन या. मग बसून बोलू.